रेडिओसायनोव्हेक्टॉमी
रेडिओसायनोव्हेक्टॉमी ही सांध्याच्या आतील सुजलेल्या अस्तरावर किरणोत्सारी द्रव्याने केली जाणारी स्थानिक उपचारपद्धती आहे. संधिवाताभ संधिशोथ (आमवात) आणि हीमोफिलियातील वारंवार रक्तस्राव यांमुळे गुडघ्यात दीर्घकाळ राहणारा दाह औषधांनी व स्टेरॉइडच्या इंजेक्शनने आटोक्यात न आल्यास तिचा विचार केला जातो. व्हिएन्नात फेलिंगर व श्मिड यांनी 1952 मध्ये ती प्रथम केली.

कार्यपद्धती
सांध्यातील साचलेले पाणी काढून किरणोत्सारी कण सुईने आत सोडतात. अस्तरातील पेशी हे कण गिळतात. बीटा किरणांमुळे वाढलेले अस्तर नष्ट होऊन तेथे तंतुमय ऊती तयार होते. गुडघ्यासाठी सहसा यिट्रियम-90 वापरतात. त्याचे किरण ऊतींमध्ये सरासरी 3.6 मिमी शिरतात. बोटांच्या लहान सांध्यांसाठी कमी भेदक एर्बियम-169 वापरतात. उपचारानंतर सुमारे 48 तास सांधा स्थिर ठेवतात. परिणाम दिसण्यास काही आठवडे लागतात.

मर्यादा
गर्भावस्था, स्तनपान, सांध्यातील जंतुसंसर्ग आणि गुडघ्यामागील फुटलेली बेकर गाठ असताना हा उपचार करत नाहीत. द्रव्य सांध्याबाहेर झिरपल्यास त्वचेला इजा होऊ शकते. झिजलेली कूर्चा या उपचाराने भरून येत नाही. नेदरलँड्समधील 2005 च्या चाचणीत यिट्रियम व स्टेरॉइड एकत्र दिल्याने केवळ स्टेरॉइडपेक्षा अधिक लाभ आढळला नाही.

महाराष्ट्रातील संशोधन
मुंबईतील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी समॅरियम-153, होल्मियम-166 आणि ल्युटेशियम-177 यांनी चिन्हांकित केलेले हायड्रॉक्सीॲपेटाइट कण विकसित केले. हे खनिज हाडांतील खनिजासारखेच असते. ल्युटेशियम-177 ची निर्मिती तुर्भे (ट्रॉम्बे) येथील ध्रुव अणुभट्टीत होते.

उपलब्धता
यिट्रियम-90 चा अर्धायुकाल सुमारे 2.7 दिवस असल्याने ते साठवून ठेवता येत नाही. उपचाराचा दिवस पुरवठ्याशी जुळवावा लागतो. ल्युटेशियम-177 चा अर्धायुकाल सुमारे 6.6 दिवस आहे. त्यामुळे मुंबईपासून दूर असलेल्या जळगाव, धुळे यांसारख्या जिल्ह्यांच्या दृष्टीने त्याची वाहतूक अधिक सोयीची ठरते. मात्र किरणोत्सारी द्रव्य हाताळण्यासाठी अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी, प्रशिक्षित आण्विक वैद्यकतज्ज्ञ आणि कचऱ्याच्या सुरक्षित विल्हेवाटीची सोय आवश्यक असल्याने हा उपचार सर्वसाधारण अस्थिरोग रुग्णालयात करता येत नाही.