बलव्यायाम, शारीरिक अपंगत्वातील

हात, पाय किंवा कणा अधू असताना स्नायूंची ताकद वाढवण्यासाठी भार घेऊन केलेला व्यायाम. पदकांपेक्षा रोजच्या जगण्यात त्याचे मोल अधिक : व्हीलचेअरवरून पलंगावर स्वतःच्या हातांच्या जोरावर जाता येणे, कुबड्या सांभाळत एसटीची पायरी चढता येणे. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये अपंग व्यक्तींसाठी प्रथमच स्वतंत्र शिफारशी दिल्या. प्रौढांनी आठवड्यातून किमान 2 दिवस हा व्यायाम करावा, असे त्या सांगतात.

व्हीलचेअर ढकलून खांद्यांचा पुढचा भाग आधीच राबलेला असतो. म्हणून ढकलण्यापेक्षा ओढण्याचे व्यायाम जास्त घ्यावेत. चाकांचे ब्रेक लावायचे, रबरी पट्टा खिडकीच्या गजाला अडकवायचा आणि कोपरे बरगड्यांलगत मागे न्यायची. एवढे घरातही जमते. पोलिओ होऊन गेलेल्यांनी अंग गळेपर्यंत रेटू नये. छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत कण्याला इजा झालेल्यांचे डोके अचानक ठणकू लागले, चेहरा तांबडा झाला, तर रक्तदाब चढल्याचा संशय घ्यावा. अशा वेळी ताठ बसवून लघवीची नळी तुंबली आहे का ते पाहावे आणि तातडीने डॉक्टर गाठावा.

स्पर्धेतील रूप म्हणजे पॅरा पॉवरलिफ्टिंग. यात फक्त बेंच प्रेस असते. बार छातीवर आणून क्षणभर स्थिर ठेवायचा आणि दोन्ही हातांनी सारखा वर रेटायचा. महिलांचा समावेश 2000 च्या सिडनी पॅरालिम्पिकपासून झाला. दिव्यांगांच्या खेळांत महाराष्ट्रातले ठळक नाव मात्र जलतरणातले. सैन्यातले मुष्टियोद्धे मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. 1972 मध्ये हायडेलबर्गला त्यांनी 50 मीटर फ्रीस्टाइलमध्ये भारताचे पहिले पॅरालिम्पिक सुवर्ण मिळवले.

पुणे जिल्ह्यात खडकी येथे अपंग सैनिकांसाठी 1917 मध्ये स्थापन झालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे, तसेच पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटरही आहे. पूर्वेकडच्या तालुक्यांतून तिथे पोचणे हीच मेहनत. दौंडला निदान रेल्वे जंक्शन आहे. शिरूरला रेल्वेच नाही, सारी भिस्त नगर रस्त्यावर. त्यामुळे या तालुक्यांतल्या दिव्यांगाला जवळची तालीम किंवा जिम हाच खरा पर्याय. क्रीडासुविधा दिव्यांगांना वापरता याव्यात, असे 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम 30 सांगते. शिरूर-दौंडच्या व्यायामशाळांनी नवी यंत्रे मांडण्याआधी दाराशी रॅम्प बांधावा.