फोटोडायोड विवर्धक

फोटोडायोडवर प्रकाश पडल्यावर निघणाऱ्या सूक्ष्म प्रवाहाचे मोजण्याजोग्या व्होल्टेजमध्ये रूपांतर करणारे मंडल. ऑप-अँपच्या आउटपुटपासून वजा खुणेच्या इनपुटपर्यंत मोठा रोधक जोडतात. तो १ मेगाओहमचा असल्यास १ मायक्रोअँपिअरमागे १ व्होल्ट मिळतो. डायोडच्या स्वतःच्या धारितेमुळे मंडल आंदोलित होऊ शकते, म्हणून रोधकाला समांतर छोटा कपॅसिटर लावतात. तो १० पिकोफॅरडचा घेतल्यास बँडविड्थ सुमारे १६ किलोहर्ट्‌झ उरते. नवशिके नेमका हा कपॅसिटरच विसरतात. मुंबईतील अंधेरी, मुलुंडच्या पावसाळी दमट हवेत बोर्डवरची धूळ व सोल्डरिंगचा फ्लक्स ओलावा धरतात. त्यातून झिरपणारा नॅनोअँपिअरचा प्रवाह मंद प्रकाशाचे मोजमाप बिघडवतो. बोर्ड स्वच्छ धुऊन, वाळवून, इनपुटभोवती तांब्याचे रक्षक कडे ठेवणे हा खात्रीचा उपाय होय. भारतातील ५० हर्ट्‌झ विजेवर साध्या चोकची ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. त्यातून येणारा गोंगाटही गाळावा लागतो.