खाणावळ, भोजनालय आणि सावजी : चांदा-गडचिरोली भागातील विकतच्या जेवणाचा शब्देतिहास

पैसे देऊन परक्याच्या हातचे जेवणे ही आज इतकी अंगवळणी पडलेली गोष्ट आहे की तिलाही काही इतिहास असेल असे सहसा मनात येत नाही. राज्यांच्या व राजवंशांच्या इतिहासात तिला जागा नाही; सामाजिक इतिहासातही तिचा उल्लेख ओझरताच होतो. परंतु ज्या शब्दांनी आपण या व्यवहाराला नावे दिली आहेत, ते शब्द मात्र बोलके आहेत. 'खाणावळ', 'भोजनालय', 'हॉटेल' व 'सावजी' हे चार शब्द एकाच गावच्या एकाच रस्त्यावरील पाट्यांवर शेजारी शेजारी वाचावयास मिळतात. पण ते एका काळाचे नव्हेत आणि एका वृत्तीचेही नव्हेत. चंद्रपूर व गडचिरोली या दोन अरण्यप्रधान जिल्ह्यांच्या संदर्भात या शब्दांचा मागोवा घेणे आणि रश्शाच्या जेवणाने प्रसिद्धीस आलेल्या सावजी भोजनालयाचे स्थान ठरविणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

(१)

प्रथम प्रदेशाविषयी. चंद्रपूरचे नाव १९६४ पर्यंत 'चांदा' असे होते, आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्या जिल्ह्याच्या पूर्वेकडील भागाचा गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. म्हणजे इतिहासाच्या दृष्टीने हा एकच मुलूख होय. याच्या उत्तरेस झाडीपट्टीचा भाताचा प्रदेश, पश्चिमेस कोळशाच्या खाणी, पूर्वेस माडिया व गोंड यांची वस्ती असलेले डोंगराळ अरण्य, आणि दक्षिणेस सिरोंच्याकडे तेलुगू बोलणारी गावे आहेत.

अशा प्रदेशात विकतचे जेवण केव्हा संभवते? ज्याचे नातेवाईक गावात नाहीत असा प्रवासी वारंवार येऊ लागतो, तेव्हा. त्यापूर्वी पाहुणा येतो तो सोयरा म्हणून, किंवा गावाचा अतिथी म्हणून. झाडीपट्टीतील मंडई हे याचे उत्तम उदाहरण होय. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, रात्री नाटक होते आणि त्या निमित्ताने प्रत्येक घरी पाहुण्यांची रीघ लागते. गावात एका दिवसात शेकडो परगावचे लोक जेवतात. तरी खाणावळीची गरज पडत नाही, कारण प्रत्येकाला कोणाचे तरी घर असते. सोयरिकी जुळतात त्याही याच पंक्तींतून. माडिया गावांत गोटुल ही गावाची सामाईक वास्तू असून परका मनुष्य तेथे उतरतो. या दोन्ही रीतींत जेवण असते, परंतु त्याचे मोल ठरलेले नसते.

(२)

मोल ठरले की शब्द बदलतो. 'खाणावळ' हा शब्द याचा साक्षीदार आहे. आज आपण 'खानावळ' असे लिहितो व त्यात 'खाना' हा शब्द ऐकतो. परंतु मूळ रूप 'खाणावळ' असेच असावे. मराठीत धातूला '-णावळ' जोडून त्या क्रियेचा मोबदला दाखविण्याची पद्धत आहे : दळण्याची ती दळणावळ, घडविण्याची ती घडणावळ, धुण्याची ती धुणावळ, शिवण्याची ती शिवणावळ. याच न्यायाने खाण्याचे जे द्यावयाचे ती खाणावळ. म्हणजे हा शब्द आधी किमतीचा आहे आणि स्थळाचा नंतर. पैसे देण्याची क्रियाच इतकी नवी व ठळक वाटली की तिच्यावरून घराला नाव पडले, असा निष्कर्ष यावरून काढता येतो.

चांदा भागात हा नवा प्रवासी रेल्वे व कोळसा यांच्याबरोबर आला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वर्धा खोऱ्यातील कोळशासाठी वरोऱ्यापर्यंत लोहमार्ग आला. पुढे बल्लारपूरच्या खाणी सुरू झाल्या. बल्लारशा-काझीपेठ हा दुवा पुरा झाल्यावर हा मार्ग दिल्ली व मद्रास यांना जोडणारा राजमार्ग ठरला. १९४५ साली बल्लारपूरच्या कागद कारखान्याचा पाया घातला गेला, आणि १९८० च्या दशकात चंद्रपूरचे औष्णिक विद्युत केंद्र उभे राहिले. खाणकामगार, लाकडाचे ठेकेदार, बांबूच्या गाड्या हाकणारे, तेंदूपानाच्या हंगामात येणारे मुनीम व रेल्वेचे नोकर यांपैकी बहुतेकांचे चांद्यात घर नव्हते. त्यांना लागणारे जेवण तीन गुणांचे होते : पोटभर, स्वस्त, आणि एका मोठ्या भांड्यात दिवसभर गरम राहील असे. हे तिन्ही गुण पातळ कालवणात एकत्र येतात. सुक्या भाजीला माणसे मोजावी लागतात. रश्शाला ऐन वेळी आलेला एखादा जास्तीचा माणूस भारी पडत नाही.

याच काळात मुंबईच्या गिरणगावातही हाच प्रकार घडत होता. गावी कुटुंब ठेवून आलेल्या गिरणीकामगारांना तेथे स्त्रिया आपल्या घरीच महिन्याच्या बोलीने जेवू घालीत. या स्त्रियांना संघटित करण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले, तेव्हा कोठे या श्रमाला सार्वजनिक नाव मिळाले. अन्यत्र पाटीवर मालकाचे किंवा जातीचे नाव असे. चुलीपाशी राबणारी स्त्री सामान्यतः पाटीवर नसे.

(३)

जातीचे नाव हा मुद्दा गौण नव्हे. जुन्या खाणावळींच्या पाट्यांवर 'ब्राह्मणाची' किंवा 'मराठा' असे विशेषण ठळकपणे असे, कारण कोणाच्या हातचे जेवावयाचे हा प्रश्न किमतीआधी येत असे. राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदाने १९५० साली सार्वजनिक उपाहारगृहांतील प्रवेशाबाबतचा भेद निषिद्ध ठरविला आणि १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) अधिनियमाने तो शिक्षेस पात्र केला. 'सावजी' या नावाचा प्रवास या पार्श्वभूमीवर पाहावा लागतो.

'सावजी' हे नागपूर व त्याच्या आसपासच्या हलबा-कोष्टी विणकर समाजात चालणारे आदरार्थी संबोधन आहे. संस्कृत 'साधु', प्राकृत 'साहु' आणि मराठी 'साव' ही परंपरा परिचित आहे. 'चोर तो चोर, साव तो साव' असे आपण म्हणतो तोच हा साव. 'जी' हा आदराचा प्रत्यय. 'कोष्टी' या नावाचा संबंध कोशाशी, म्हणजे टसर रेशमाच्या कोशाशी, जोडला जातो. रसेल व हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात ही व्युत्पत्ती नोंदलेली आहे. ती ग्राह्य धरल्यास एक लक्षणीय गोष्ट ध्यानात येते. टसरचे किडे ऐन व अर्जुन या वृक्षांवर पोसले जातात, आणि आरमोरी व नागभीड ही याच अरण्यपट्ट्यातील टसर विणण्याची जुनी ठिकाणे होत. म्हणजे ज्या समाजाचे संबोधन आज भोजनालयांच्या पाट्यांवर आहे, त्याच्या नावाचा धागा जंगलातील कोशाकडे जातो.

नागपुरात १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू झाली. गिरणीच्या, व पुढे यंत्रमागाच्या, कापडापुढे हातमागाचा निभाव लागेनासा झाला. विणकरांच्या घरातील मसाला वाटण्याची व मांसाचा रस्सा करण्याची हातोटी त्यानंतर उपजीविकेचे साधन बनली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. माग बसला आणि चूल पुढे आली. या स्वयंपाकाची सामग्री वैदर्भीयच आहे : पूर्वी जवसाचे तेल, भाजलेले सुके खोबरे, खसखस, काळी मिरी, दगडफूल आणि तिखटाचा सढळ हात. मांसाहार न करणाऱ्यासाठी पाटवडीचा रस्सा असतो. नागपूरची ही रीत उमरेड, वरोरा, चंद्रपूर, ब्रह्मपुरी, गडचिरोली अशी रस्त्यारस्त्याने पसरली.

व्याकरणाच्या दृष्टीने या नावात झालेला बदल पाहण्यासारखा आहे. आरंभी 'सावजींचे भोजनालय' असा षष्ठीचा प्रयोग. त्यात सावजी ही व्यक्ती आहे. नंतर 'सावजी भोजनालय' असा समास. त्यात सावजी हा प्रकार आहे. आणि आता 'सावजी मटण', 'सावजी मसाला' असे विशेषण. त्यात सावजी ही केवळ चव आहे. विशेषण कोणालाही वापरता येते. म्हणून आज अन्य समाजाचा मालकही ही पाटी लावतो, आणि गिऱ्हाईक स्वयंपाक्याची जात न विचारता आत जाते. पूर्वी जे नाव जात सांगत असे ते आता तिखट सांगते. यात लाभ आहे, तशी हानीही आहे : नाव सर्वांचे झाले, पण ज्यांच्या घरातून ते निघाले त्यांचा त्यावरचा हक्क उरला नाही.

याच्या अगदी उलट गती याच समाजाच्या दुसऱ्या नावाची झाली. चांदा-गडचिरोलीच्या अरण्यात हलबा ही अनुसूचित जमात आहे. तिच्या हलबी बोलीस ग्रियर्सनने भाषासर्वेक्षणाच्या १९०५ च्या मराठी खंडात स्थान दिले. 'हलबा-कोष्टी' हे 'हलबा' या नोंदीत अंतर्भूत आहेत काय, हा वाद दीर्घकाळ चालला व २८ नोव्हेंबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने यादीतील नोंद आहे तशीच वाचली पाहिजे असा निर्णय दिला. त्यामुळे हलबा-कोष्टींचा त्या नोंदीत समावेश होऊ शकला नाही. एकाच समाजाचे एक नाव बाजारात मोकळे सुटले आणि दुसरे कायद्याच्या शब्दात बांधले गेले. नावांचा अभ्यास करणाऱ्याने या दोन्ही गती एकत्र पाहिल्या पाहिजेत.

(४)

आता प्रत्यक्ष रश्शाकडे वळू. पातळ कालवणाला मराठीत जी नावे आहेत ती पदार्थाचे घटक क्वचितच सांगतात. ती त्याचे कार्य किंवा रुची सांगतात. 'कालवण' म्हणजे जे कालवावयाचे ते. 'कोरड्यास' म्हणजे कोरड्या भाकरीसाठी जे हवे ते. येथे चतुर्थीचे रूपच नाम बनले आहे. 'आमटी' व 'आंबील' आंबटपणावरून आलेली आहेत, आणि सिरोंच्याच्या तेलुगू घरांतील 'पुलुसु' हाही शब्द आंबट या अर्थाच्याच धातूचा आहे. 'रस्सा' रसावरून, आणि त्यावर तरंगणारी लाल 'तर्री' ही ओलावा या अर्थाच्या फारसी 'तरी' शब्दाशी नाते सांगते. शब्द प्रांत ओलांडताना कसे घसरतात याचे गमतीदार उदाहरणही येथेच मिळते. 'सांबार' म्हणजे मद्रासकडील प्रवाशाला डाळीचे कालवण, आणि विदर्भातील माणसाला कोथिंबीर; बल्लारशाच्या फलाटावर हे दोन्ही अर्थ रोज एकमेकांसमोर येतात.

सावजी भोजनालयात, आणि एकूणच मराठी खाणावळीत, पुष्कळ ठिकाणी एक अलिखित नियम पाळला जातो : मांसाच्या फोडी मोजून मिळतात, परंतु रस्सा मागाल तितका वाढला जातो. प्रस्तुत लेखकाच्या मते या जेवणाच्या इतिहासाचे मर्म येथे आहे. फोडीला बाजारभाव आहे, म्हणून ती खाणावळीच्या न्यायाने मोजली जाते. रश्शाला मात्र पंक्तीचा न्याय लागू होतो. वाढणारा पुन्हा विचारतो, आणि 'नको' म्हणणे हे जेवणाऱ्याचे काम असते. मोबदल्याच्या घरात मोबदल्याबाहेरची एवढी जागा राखून ठेवलेली आहे. मंडईचा पाहुणचार पैशाच्या व्यवहारात शिरल्यावर जे शिल्लक राहिले, ते हे.

हे केवळ आपल्याकडेच घडले असे नव्हे. 'रेस्टॉरंट' हा शब्द अठराव्या शतकातील पॅरिसमध्ये प्रथम स्थळवाचक नव्हता. शक्ती भरून आणणाऱ्या मांसरसाला तो लावीत. तो रस विकणारे घर पुढे त्याच नावाने ओळखले जाऊ लागले; रिबेका स्पँग यांनी २००० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात हा इतिहास मांडला आहे. म्हणजे शब्दार्थाने पाहता रश्शाचे घर हेच खरे रेस्टॉरंट. कोरियातही वाटसरूंसाठी असलेल्या 'जुमाक' नावाच्या खाणावळीत 'गुकबाप', म्हणजे रस्सा आणि भात, मिळत असे, आणि आजही तेथील साध्या भोजनगृहात मुख्य पदार्थाचे पैसे पडतात, पण सोबतची तोंडी लावणी पुन्हा मागितल्यास सामान्यतः फुकट वाढतात. काय मोजावयाचे आणि काय मोजावयाचे नाही, ही सीमा प्रत्येक समाज आपापल्या ठिकाणी आखतो. परंतु ती आखल्यावाचून विकतच्या जेवणाला जेवणपण येत नाही असे दिसते.

(५)

अखेर एका उणिवेकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. या अरण्यात कालवणांची वाण नाही. गोंड व माडिया घरांतील जावा ही पेज, अंबाडीच्या पाल्याचे आंबट कालवण, आणि पूर्व बंगालमधून येऊन मुलचेरा-चामोर्शी भागात वसलेल्या निर्वासितांचा माशांचा झोल ही सारी याच भूमीवरील अन्ने होत. तथापि आलापल्लीच्या किंवा आष्टीच्या रस्त्याने जाणाऱ्याला पाटी दिसते ती बहुधा सावजीची, नाहीतर ढाब्याची. २०२१ नंतर सुरजागडच्या लोहखाणीचे काम वाढले व मालमोटारींची वर्दळ वाढली, तशी रस्त्याकाठची भोजनगृहेही वाढली. पण पाटीवरील शब्द नागपूरचा किंवा पंजाबचाच राहिला.

याचे कारण चवीत शोधणे व्यर्थ होय. भोजनगृह हे प्रवाशाच्या गरजेतून उभे राहते आणि प्रवाशाला ओळखीचे असलेले नाव धारण करते. जो समाज आपल्या गावी राहिला आणि ज्याचे अन्न पाहुणचाराच्या पलीकडे गेले नाही, त्याच्या कालवणाला पाटी लागली नाही. सावजींच्या रश्शाला ती लागली, कारण त्यांचा माग बसला होता. ती पाटी समृद्धीची नव्हे, गरजेची खूण होती. एवढ्याचसाठी, जावा किंवा अंबाडीच्या कालवणाला उद्या पाटी लागली तर तिचे स्वागत करताना एक गोष्ट तपासावी लागेल : ती पाटी करणाऱ्यांच्या नावाची आहे की केवळ चवीच्या नावाची.

आपल्या विभागातील विद्यार्थ्यांना येथे करण्यासारखे काम पुष्कळ आहे. झाडीबोली, माडिया, हलबी व तेलुगू यांतील अन्नवाचक शब्द, वाढण्याची क्रियापदे, आणि पाहुण्याला पुन्हा विचारण्याची वाक्ये गावोगावी जाऊन टिपली पाहिजेत. ती टिपताना कोणता शब्द मोलाचा आहे व कोणता पाहुणचाराचा, हा भेद नोंदला गेला, तर पाट्यांवर न आलेल्या जेवणाचाही इतिहास लिहिता येईल.