बिनचेहऱ्याचं कार्ड

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात लीबिग कंपनीच्या मांसरसाबरोबर गिऱ्हाइकांना रंगीत जाहिरातकार्डं मिळत. पुढे चित्र, मागे मजकूर, बहुधा सहांचा संच. एकच संच फ्रेंच, जर्मन, इटालियन अशा अनेक भाषांत निघे. मी अनुवादक, या नादी लागले ती त्या मागच्या मजकुरामुळे.

पुढे मी फक्त मुद्रकांची आणि अक्षर घडवणाऱ्यांची कार्डं जमवू लागले. त्यांत वारंवार भेटतो तो गुटेनबर्ग : लांब दाढी, डोक्यावर टोपी. पण तो १४६८ मध्ये वारला. त्याच्या हयातीतलं एकही चित्र उपलब्ध नाही. हा दाढीवाला चेहरा रुळला तो आंद्रे तेवेच्या १५८४च्या ग्रंथातल्या चित्रावरून. म्हणजे कार्डावर आहे ती कल्पनाच.

मग मला पंचानन कर्मकार आठवतात. हालहेडच्या १७७८च्या बंगाली व्याकरणासाठी चार्ल्स विल्किन्सबरोबर त्यांनी खिळे घडवले. पुढे श्रीरामपूरला त्यांनी आणि त्यांचे जावई मनोहर यांनी नागरी खिळे कोरले. त्याच छापखान्यातून १८०५ मध्ये विल्यम केरीचं मराठी व्याकरण निघालं. माझी भाषा छापखान्यात रुजली त्यात हुगळीकाठच्या या बंगाली कारागिरांचा हात आहे.

पंचाननांचं कार्ड मला कुठे मिळालं नाही. एका चित्रकार मित्राने त्यांचा चेहरा कल्पनेने काढून देतो म्हटलं. मी नको म्हटलं. गुटेनबर्गशेजारच्या कप्प्यात मी त्या व्याकरणाच्या एका पानाची छायाप्रत ठेवली आहे.