काटे, चमचे आणि जव्हार

नवीन फ्लॅटसाठी २४ नगांचा कटलरी सेट बुक केला होता. तेवढ्यात जव्हार-मोखाड्याची ट्रिप झाली.

जव्हार म्हणजे मुकणे घराण्याचं संस्थान, १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झालं. त्यांचा जय विलास राजवाडा अजून उभा आहे. बऱ्याच संस्थानिकांकडे काटा-सुरी आली ती साहेबाच्या संगतीनं. पण वाड्याबाहेर, पाड्यांवर, नागलीची भाकरी नि उडदाचं वरण हातानंच खाल्लं जायचं. आजही तसंच. चमच्यापेक्षा वाढायचा डवला महत्त्वाचा.

मोखाड्याजवळ एका घरी जेवलो. आम्ही शहरातले, म्हणून मावशी शेजारून चमचे मागून आणायला धावल्या! फार ओशाळलो. चमचा तसाच ठेवून हातानं जेवलो.

तसा 'चमचा' हा शब्दही फारसीतून आपल्याकडे आलेला. पळी जुनी. आणि स्टेनलेस स्टील? शेफिल्डच्या हॅरी ब्रेअर्लीनं ते १९१३ साली बनवलं, म्हणजे अगदी कालचंच.

परत आल्यावर सेट कॅन्सल. १८/८ स्टीलचे (१८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल) ६ खोलगट चमचे घेतले, आमटीसाठी एक दणकट डाव, आणि नूडल्सपुरते २ काटे. बायको म्हणाली, "जास्त पाहुणे आले तर?"

म्हटलं, शेजारून मागून आणू :)