बिगरहंगामाचा इतिहास

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत 'ऑफ सीझन' हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. साखर कारखान्यांनी तो केव्हाच खेड्यापाड्यांत नेऊन पोचवला आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास बॉयलर पेटतो, उन्हाळ्याच्या तोंडाशी गळीत संपते आणि मग पुढचे काही महिने कारखाना 'ऑफ सीझन'मध्ये असतो. बाहेरच्या माणसाला तो बंद दिसतो. आत मात्र मिलचे रोलर उतरवलेले असतात, बॉयलरच्या नळ्या साफ होत असतात, पंप खोलून पुन्हा बसवले जात असतात. येता हंगाम कसा जाणार हे बऱ्याच अंशी याच महिन्यांत ठरते. वर्तमानपत्रांत छापून येतात ते मात्र किती टन ऊस गाळला याचे आकडे.

हे आठवण्याचे निमित्त आहे ट्रायथलॉन. पोहणे, सायकल चालवणे आणि धावणे या तीन गोष्टी एकामागून एक, मध्ये न थांबता करावयाची ही शर्यत १९७४ साली अमेरिकेतील सॅन दिएगो येथे सुरू झाली. १९७८ साली हवाई बेटांवर तिचे दीर्घ रूप 'आयर्नमॅन' अवतरले आणि २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये तिला स्थान मिळाले. ऑलिंपिकमधील अंतरे आहेत दीड किलोमीटर पोहणे, चाळीस किलोमीटर सायकल आणि दहा किलोमीटर धावणे. या खेळाडूंच्या लेखी शर्यती नसलेल्या काळाचे महत्त्व फार मोठे असते. त्या काळात वेगाचा हव्यास सोडून संथपणे लांब अंतरे कापायची, पोहण्याचा हात सुधारायचा, स्नायूंना बळकटी आणायची आणि तिन्हींपैकी जे अंग कच्चे असेल त्याला जास्त वेळ द्यायचा. एका प्रकाराने कमावलेला दम दुसऱ्या प्रकारात उपयोगी पडतो, हा त्यामागचा विचार.

आम्हांला हा विचार वाचताना तो नवा वाटला नाही. कृष्णाकाठी तो निराळ्या शब्दांत पूर्वीपासून नांदत आला आहे. मात्र त्याचा इतिहास कोणी सलग लिहिलेला नाही. कारण इतिहास बहुधा हंगामाचा लिहिला जातो.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. आज आपण सातारा आणि सांगली असे वेगळे उच्चारतो, परंतु सांगली जिल्ह्याचा मोठा भाग पूर्वी साताऱ्यातच होता. १९४९ साली दक्षिण सातारा असा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. पुढे येणारी माणसे आज वेगवेगळ्या जिल्ह्यांच्या खाती जमा असली, तरी त्यांच्यामागची भूमी एकच आहे.

या भूमीतील तालमींचे पंचांग पाहावे. सुगी उरकली की फाल्गुन, चैत्र, वैशाखात गावोगावच्या यात्रा भरतात आणि त्यांबरोबर कुस्त्यांची मैदाने. पावसाळ्यात नागपंचमीसारखे प्रसंग वगळले तर मैदाने तुरळक. तेव्हा तालमीत उरते ती 'मेहनत'. जोर, बैठका, हौदातील लाल माती उकरणे, तिच्यात तेल, ताक, हळद मुरवणे. माती उकरणे हे आखाड्याच्या देखभालीचे काम, आणि तोच खांद्यांचा नि कमरेचा व्यायाम. पैलवानाच्या भाषेत 'मेहनत' आणि 'कुस्ती' हे दोन वेगळे शब्द आहेत, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकांनी लक्षात घेण्याजोगी आहे. पहिला शब्द बारमाही आहे, दुसरा हंगामी.

बारमाही मेहनतीला शास्त्राचे रूप देण्याचा मोठा प्रयत्नही याच जिल्ह्यात, औंध संस्थानात झाला. बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे चित्रकार राजे स्वतः नित्यनेमाने सूर्यनमस्कार घालीत. त्यांनी ते संस्थानातील शाळांत रुजवले आणि त्यावर पुस्तक लिहिले. १९३८ साली त्याची इंग्रजी आवृत्ती लंडनमध्ये निघाली. या व्यायामाला ना मैदान लागते ना प्रतिस्पर्धी. पावसाळ्यात घराच्या ओसरीवरही तो चालतो. निकालाचा दिवसच नसलेला व्यायाम, असे त्याचे वर्णन करता येईल.

याच बाळासाहेबांनी लक्ष्मणराव किर्लोस्करांना जागा दिली आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. किर्लोस्करांच्या उद्योगाचा आरंभ बेळगावातील सायकलच्या दुकानातून झाला होता. नांगर आणि पंप ही पुढची कहाणी. चैनीची म्हणून आलेली सायकल पुढे या भागात शिक्षक, पोस्टमन आणि दूधवाले यांचे रोजचे वाहन झाली. शाळेसाठी वा दुधाच्या फेरीसाठी रोज मैलोगणती पायडल मारणाऱ्यांना आपण काही सराव करीत आहोत, असे कधी वाटले नसेल.

पोहण्याचेही तसेच. पाठीला वाळलेला भोपळा किंवा पत्र्याचा डबा बांधून विहिरीत ढकलले जाणे, हीच येथील पोहण्याची शाळा. या शाळेची परीक्षा एकदा फार कठोर झाली. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील आणि त्यांचे सहकारी सांगलीच्या तुरुंगातून निसटले. पावसाळ्याचे दिवस, कृष्णा दुथडी भरलेली, पाठीवर गोळीबार. काहींनी पुरात उड्या घेतल्या. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव हुतात्मे झाले, दादा गोळीने जखमी झाले. हा दिवस सांगलीला पाठ आहे. पण पुराच्या पाण्यात उडी घेण्याचा विश्वास या तरुणांच्या अंगी कोणत्या विहिरीत, कोणत्या डोहात आला, हे त्या कथेत कोठेच येत नाही.

खाशाबा जाधवांची कथा घ्या. कराडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले. लाल मातीत वाढलेल्या या मल्लाला तेथे मॅटवर खेळावे लागले. १९५२ साली हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. बैलगाड्यांच्या मिरवणुकीचे वर्णन आपण सर्वांनी वाचले आहे. आमच्या मते खरी कथा मधल्या चार वर्षांची आहे. माती सोडून मॅटची सवय करणे, वरच्या वजनगटात जाणे, कुस्तीच्या जोडीला धावणे, पोहणे, वजन उचलणे, आणि सर्वांत अवघड म्हणजे प्रवासासाठी पैसे उभे करणे. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी त्यासाठी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. पदकाचा दिवस एक. गहाणखताचे दिवस किती, याचा हिशेब आपण ठेवलेला नाही.

इस्लामपूरजवळच्या पेठ गावचे मुरलीकांत पेटकर सैन्यात बॉक्सर होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचे शरीर कमरेखाली निकामी झाले. रुग्णालयात उपचाराचा भाग म्हणून ते पाण्यात उतरले आणि १९७२ साली हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये ३७.३३ सेकंदांचा विश्वविक्रम करून त्यांनी सुवर्णपदक मिळवले. भारताचे ते पहिले पॅरालिंपिक सुवर्ण. त्याआधी १९६८ साली ते तेल अवीवला टेबल टेनिसही खेळले होते. एका खेळातील ताकद दुसऱ्यात नेण्याचे याहून मोठे उदाहरण आम्हांस ठाऊक नाही. त्यांना पद्मश्री मिळाली ती २०१८ साली. ३७ सेकंदांच्या आधीची सात वर्षे आणि नंतरची शेहेचाळीस वर्षे, दोन्ही आपल्या सार्वजनिक स्मृतीत जवळजवळ कोरी आहेत.

तिसरे नाव ललिता बाबर यांचे. माण तालुक्यातील मोही या गावच्या ललिता मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत सलग तीन वर्षे पहिल्या आल्या आणि मग ३००० मीटर स्टीपलचेसकडे वळल्या. २०१५ साली आशियाई सुवर्ण, २०१६ साली रिओ ऑलिंपिकची अंतिम फेरी. लांब पल्ल्याचा दम आधी, अडथळ्यांवरचा वेग नंतर, हा क्रम ट्रायथलॉनच्या शिक्षकालाही पटेल. ज्या तालुक्यात पाण्याची टंचाई पाचवीला पुजलेली, तेथील मुलीने प्रत्येक फेरीत पाण्याचा खड्डा ओलांडत नाव मिळवावे, यावर अधिक भाष्य नको.

आज यवतेश्वरच्या घाटात पहाटे पावसात धावणारी मंडळी दिसतात. त्यांच्याकडे मनगटी घड्याळे आहेत, किती धावलो याची नोंद आपोआप होते. त्यांच्या बिगरहंगामाचा इतिहास उद्या लिहिता येईल. आधीच्यांची नोंद मात्र कोणत्याही यंत्रात नाही. आपण साहित्याचे विद्यार्थी खेळाडूंची चरित्रे वाचतो तेव्हा त्यांत बालपणीची गरिबी आणि शेवटचा विजय यांच्यामध्ये बहुधा एक कोरी जागा असते, आणि तिला 'अथक परिश्रम' असे दोन शब्द लावून लेखक मोकळा होतो. ते परिश्रम कोणते, किती वाजता, कोणाच्या पैशाने, काय खाऊन, हे विचारणे हे चरित्राच्या समीक्षेचे काम आहे असे आम्ही मानतो.

या दोन जिल्ह्यांतील महाविद्यालयांत मराठी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना हे काम सहज करता येईल. जवळच्या तालमीत जावे, एखाद्या जुन्या पैलवानाशेजारी बसावे आणि त्याने जिंकलेल्या कुस्तीविषयी न विचारता आषाढातल्या दिनक्रमाविषयी विचारावे. ज्यांना हे सांगता येईल त्यांतील बरेच जण आता ऐंशीच्या घरात आहेत.