सूकरमद्दव, अहिच्छत्तक आणि अहेरीच्या सात्या

दीघनिकायातील महापरिनिब्बानसुत्तात, पावा येथील चुंद कर्मारपुत्राने तथागतांना दिलेल्या अखेरच्या भोजनात ‘सूकरमद्दव’ या पदार्थाचा उल्लेख आहे. धर्मानंद कोसंबी यांनी डुकराचे मांस हाच त्याचा अर्थ ग्राह्य धरला. परंतु उदानाच्या अट्ठकथेत आचार्य धम्मपाल यांनी प्रथम महाअट्ठकथेचा मांसपर अर्थ देऊन पुढे इतर मतेही नोंदविली आहेत. काहींच्या मते तो डुकरांनी तुडविलेला बांबूचा कोंब होय, तर अन्य काहींच्या मते डुकरांनी तुडविलेल्या जागी उगवलेले ‘अहिच्छत्तक’, म्हणजे अळंबी. अळंबीचा अर्थ आधुनिक शाकाहाऱ्यांनी ओढूनताणून काढला, असे म्हणणाऱ्यांनी ही अट्ठकथा पुन्हा पाहावी.

या दोन्ही वस्तू आपल्याला परक्या नाहीत. अहेरीच्या जंगलपट्ट्यात पावसाळा लागला की दोन्ही चुलीवर चढतात. बांबूच्या कोंबाला तिकडे वास्ते म्हणतात आणि वारुळावर उगवणाऱ्या अळंबीला सात्या. वारूळ हे सापाचेही घर. ‘अहिच्छत्तक’ म्हणजे सापाची छत्री, हे नाव तेथूनच आले असावे, असा माझा तर्क आहे.

वाळवी आपल्या अन्नासाठी वारुळात एक बुरशी जोपासते. सात्या तिलाच येतात. म्हणून धिंगरीप्रमाणे त्यांची लागवड माणसाला साधलेली नाही. त्या आणल्या दिवशीच शिजवाव्या लागतात. देठाचा मातीचा भाग कापून टाकतात, दोनतीन पाण्यांतून हलक्या हाताने धुतात, भिजत मात्र ठेवत नाहीत. तेलावर कांदा, लसूण, मिरची व हळद परतून सात्या टाकल्या की त्यांचेच पाणी सुटते. वरून पाणी न घालता ते आटेपर्यंत शिजविणे, एवढीच खरी कृती. खबरदारी निवडण्यात आहे. लसूण काळी पडली तर अळंबी विषारी, चांदीचे नाणे काळवंडले तर विषारी, या समजुतींना काहीही आधार नाही. असल्या परीक्षेत उतरलेली अळंबीही प्राण घेऊ शकते. खात्रीने ओळखता येते तीच जात घरात आणावी.

हे ध्यानात ठेवून सुत्त वाचले की एक तपशील नजरेत भरतो. सूकरमद्दव केवळ मला वाढ, संघाला दुसरे अन्न दे, आणि उरलेले खड्ड्यात पुरून टाक, असे भगवंतांनी चुंदाला सांगितले. त्यानंतर त्यांना रक्तातिसाराची तीव्र व्यथा झाली. विषारी अळंबीचा तर्क येथे सहज सुचतो, पण तो सिद्ध होत नाही. वर्षावासातच भगवंतांना प्राणांतिक आजार झाला होता, हे त्याच सुत्तात आहे. शिवाय चुंदाला कोणी दोष देऊ नये, संबोधीपूर्वीची आणि परिनिर्वाणापूर्वीची अशा दोन्ही भिक्षा समान फलाच्या आहेत, असे आनंदाकरवी त्याला कळविण्यास त्यांनी सांगितले. अन्न शिजविणाऱ्याला असा निर्वाळा अन्यत्र क्वचितच मिळाला असेल. याउलट मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात अळंबी, गावडुक्कर, लसूण व कांदा हे सारे जाणून खाणारा द्विज पतित ठरविला आहे. वर दिलेल्या भाजीत यांपैकी तीन जिन्नस आहेत!

१९८२ साली गॉर्डन वॉसन यांनी सूकरमद्दव म्हणजे संथाळांची ‘पुटका’ ही अळंबी, असे प्रतिपादन केले. ती सालवृक्षाखाली येते. बस्तरचा बोडा याच कुळातला. मात्र या मताला ऋतूची अडचण आहे. थेरवादी परंपरेनुसार परिनिर्वाण वैशाख पौर्णिमेला झाले, आणि त्या उन्हात ताजी अळंबी मिळणे दुरापास्त. सर्वास्तिवादी मात्र ही घटना कार्तिकात मानीत, असे ह्युएनत्संगाने लिहून ठेवले आहे. सुत्तात शालवृक्ष अकाली फुलल्याचे वर्णन आहे. साल वसंतात फुलतो, तेव्हा हे वर्णन वैशाखापेक्षा कार्तिकाला अधिक जुळते. कार्तिक मानला तर पावसाळ्याच्या शेवटची अळंबी अशक्य राहत नाही. वैशाख मानला तर ती वाळविलेली असली पाहिजे. या तिथीचा निर्णय होईपर्यंत मराठी भाषांतरात ‘सूकरमद्दव’ हा शब्द तसाच ठेवून खाली धम्मपालांची सर्व मते द्यावीत, हे मला अधिक योग्य वाटते.